सबमिटच्या आधी अपडेट

नाही पण मला सांगा, ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला? 'अपडेट आता करू की नंतर करू?' हे कोण विचारत होतं? तो कॉम्प्युटरच ना? आणि आमच्या जयमाला मॅडमनी 'नंतर' दाबलं. एकदा नाही, दोनदा नाही, दुपारपासून चार वेळा दाबलं हो! आणि चार वाजून पाच मिनिटांनी यानं काय करावं? आपणच बंद झाला, आपणच चालू झाला, निळा पडदा, मधे गरगर फिरणारे ठिपके... आणि वर म्हणतो काय, तर कॉम्प्युटर बंद करू नका! अरे बाबा, आत्ता बंद कोण झालं होतं?

बरं, दिवस तरी साधा असावा! तुम्हाला सांगतो, मॅडमची शाळा जामखेडपासून आठ किलोमीटरवरच्या वस्तीवर. नवरा सम्राट सुप्याला कंपनीत. पोरगी रश्मी, दुसरीत, तीही तिकडेच, सासूबाई आक्काबाईंजवळ. सहा वर्षं असंच. शनिवारी शाळा सुटली की मॅडम एसटीत, नगरला गाडी बदलायची, सुप्याला पोचेपर्यंत दिवेलागण. रविवारी मुक्काम, सोमवारी उजाडायच्या आत परत. एकदा आक्काबाई फोनवर सांगत होत्या, "अगं, बाईंनी वर्गात इचारलं, घरात कोन कोन हाय? तर ही म्हनली, आजी, पप्पा आन शनवारी मम्मी!" फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे हसलो. मॅडमही हसल्या, आणि फोन ठेवून वर्गात गेल्या त्या तास संपेपर्यंत फळ्याकडेच तोंड करून लिहीत होत्या.

तर बदलीचा ऑनलाइन फॉर्म. शेवटचा दिवस, मुदत पाच वाजेपर्यंत. जास्तीत जास्त तीस शाळांचा पसंतीक्रम भरायचा. तुम्ही म्हणाल, आधी का नाही भरला? अहो, तीन दिवस नवराबायकोचं फोनवर तेच चाललेलं! यादीत हंगा गाव वर घ्यायचं की वाळवणे? कुठं एसटी थांबते, कुठं फाट्यावरून चालावं लागतं... सोयरीक जुळवताना कोणी एवढी चौकशी करत नाही! शेवटी यादी ठरली, एकोणतीस शाळा भरून झाल्या, तिसावी निवडायची, सबमिट दाबायचं... आणि निळा पडदा! पाच टक्के. सात टक्के. बंद करू नका!

आमचे मुख्याध्यापक गुरुजी, नाव श्रीमंत, माणूस भला, पण प्रत्येक दुखण्याला त्यांचं औषध एकच. "म्याडम, बटन दाबून धरा. बंद करा आन चालू करा."

"गुरुजी, तो बंद करू नका म्हणतोय!"

"त्याचं काय ऐकता? त्यानं तुमचं ऐकलं का?"

हे मात्र गुरुजी लाखातलं बोलले! पण मॅडमचा हात धजला नाही. मोबाईलवर फॉर्म उघडायला गेल्या, तर तिथं निरोप: 'आपण दुसऱ्या ठिकाणी आधीच लॉगिन आहात, वीस मिनिटांनी प्रयत्न करा.' दुसरं ठिकाण कुठलं? तर हेच, जिथं ठिपके फिरतायत! सम्राटला फोन लावला, तर तो नेमका ओव्हरटाइमला थांबलेला, मोबाईल लॉकरमध्ये. आणि इकडं तीस टक्के. बंद करू नका!

मॅडम उठल्या. "गुरुजी, गाडी काढा."

गुरुजींची स्कूटर! चढाला मागचा माणूस उतरवणारी स्कूटर ती! पण त्या दिवशी पळाली बिचारी. चार वाजून अडतीस मिनिटांनी जामखेडात मोनिकाच्या दुकानात. मोनिका ऑनलाइन फॉर्म भरून देते. मॅडमचा पहिला प्रश्न, "तुझा कॉम्प्युटर अपडेट तर नाही ना चालू?"

"छे! मी नेटची वायरच काढून ठेवते, मॅडम. गिऱ्हाईक आलं की लावते. त्याला अपडेटचा विचार करायला सवडच देत नाही."

वायर लावली. लॉगिन झालं. आणि फॉर्म... कोरा! एकोणतीसच्या एकोणतीस शाळा गायब, आणि कागदावरची यादी शाळेत टेबलावर, त्या ठिपक्यांसमोर! पण सहा वर्षं ज्या बाईनं एसटीच्या खिडकीतनं तोच रस्ता बघितलाय, तिला यादी कशाला लागती? धडाधड गावं सांगत गेल्या, मोनिका निवडत गेली. बारा झाली, मॅडम तेरावं आठवतायत, तेवढ्यात मोनिका ओरडली, "मॅडम, चार अठ्ठावन्न झाले! बास करा गावं!" आणि तिनंच सबमिट दाबलं. पावती आली. मॅडम तिथंच स्टुलावर बसल्या आणि रडल्या. गुरुजी बाहेर जाऊन उगाच स्कूटर पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेचा कॉम्प्युटर शंभर टक्के होऊन बसला होता, अगदी शहाण्यासारखा. फक्त मराठीतल्या सगळ्या फाइलींत अक्षरांच्या जागी चौकोन! ते निस्तरायला गुरुजींना पंधरवडा लागला.

पण निकाल लागला, मॅडमना हंगा मिळालं! सुप्यापासून हाकेच्या अंतरावर. आम्ही नारळ दिला, साडी दिली. जूनमध्ये मॅडम आपल्या घरी राहायला गेल्या. आता रोज साडेपाचला शाळेतनं घरी.

परवा मी फोन केला, म्हटलं काय मॅडम, सुखात ना? म्हणाल्या, मी घरी आले की रश्मी पाठ सोडत नाही, झोपताना पदर धरून झोपते. म्हटलं, आणि सम्राटराव?

तर झालं काय, इतकी वर्षं सुपरवायझरनं त्यांना कायम पहिली पाळी दिलेली. बायको लांब, पोरगी लहान, म्हणून. मॅडम आल्याचं कळल्यावर तो म्हणाला, "आता काय, म्याडम आल्या ना घरी? मग दुसरी पाळी घ्या तुमी!" म्हणजे मॅडम साडेनऊला निघतात, तेव्हा ते झोपलेले. ते रात्री येतात, तेव्हा मॅडम झोपलेल्या.

"मग भेटता कधी?"

"रविवारी," मॅडम म्हणाल्या. "पण एसटी बदलावी लागत नाही हो आता."