हाडसांदीचा वेल

आमचं मूळ फुलंब्रीच्या वरल्या अंगाचं, डोंगराच्या कडंचं, धनगराचं बिऱ्हाड. पोलीस ॲक्शन झाली त्या साली माही आई जन्मली म्हून आजी तिचं वय त्याच्यावरनं सांगायची, माहं वय सांगायला आता कुणी ऱ्हायलं नाय. नाव कासाबाई. मेंढरामागं जन्मले, मेंढरामागंच वाढले, लग्न झालं तेबी मेंढरावाल्याच्याच घरात. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, लासूरच्या अंगानं खाली उतरायचं, आज ह्या शेतात तळ, उद्या त्या शेतात, पार मिरगाच्या तोंडाला घरी. बाईमाणसाला लई काम असतं बगा त्याच्यात, मेंढरं कोंडायला जाळी ताणायची, चूल मांडायची, पाणी आणायचं, घोडं लादायचं. पण मला गोड वाटायचं त्ये. चालण्यात मला कुणी हटवत नव्हतं.

दोन लेकी झाल्या आन मंग अंगावरनं जायला लागलं, थांबंचना. एका खाजगी डाक्टरनं सांगितलं, पिशवी काढून टाका, कटकट मिटंल. मालक म्हणले, दुसऱ्या कुणाला इचारू का. मी म्हणले कशाला, तळावरच्या बायांनी काढल्यातच की. तिशी-बत्तिशीची आसंल मी. काढली. कटकट मिटली खरी.

काय सांगू तुम्हाला, थोड्या वर्सांत पाठ अशी दुखायला लागली का वाकले तर उठता यीना. एक दिवस पाण्याचा हंडा उचलला आन मनगट कडकन मोडलं. पडले नाय, धडपडले नाय, नुसता हंडा उचलला. शहरात सरकारी दवाखान्यात नेलं, तवा औरंगाबादच म्हणायचे, तिथल्या डाक्टरीणबाईनं फोटो बघितला, पिशवी कवा काढली म्हून इचारलं, आन तवाचे कागद चाळले. मंग म्हणली, ताई, पिशवीसंगं अंडाशयबी काढलंय तुमचं, त्यानं हाडं लवकर पोकळ झाली. गोळ्या दिल्या, म्हणली ओझं उचलायचं नाय. ओझं उचलायचं नाय म्हंजी मेंढरामागं जायचं नाय, त्ये तिला काय ठावं.

मालकांनी हाडसांदीचा वेल आणला. मेंढराचा पाय मोडला की आमी त्योच वाटून लावतो, वरनं कामट्या बांधतो. चौकोनी कांड्या असत्यात त्याच्या, हिरव्यागार, कुंपणावर चढत्यात. कच्चा तोंडात घातला तर जीभ खाजून जीव जातो, म्हून कडंच्या शिरा काढायच्या, तेलात परतायचा, चिंच घालून चटणी वाटायची. मालक स्वतः वाटायचे, भाकरीवर घालून नुसती पुढं सरकवायचे. मी डाक्टरीणबाईला इचारलं, खाऊ का. म्हणली, सोसत आसंल तर खा थोडा, ह्या वेलावर लोकं तपास करायलीत, पण माणसाची पोकळ हाडं त्यानं भरत्यात आसं आजून कुणाला ठाम सांगता यीत नाय, गोळ्या मातर सोडू नका. ठणका कमी झाला, खरंच झाला. वेलानं झाला का गोळ्यांनी, मला नाय सांगता यायचं. पण पुन्यांदा मेंढरामागं चालायला काय लागले नाय.

मालक म्हणले, मेंढरं इकून टाकतो. मी म्हणले नका, मेंढरं इकून तुमी काय करताल, कुणाच्या दारात राखणीला बसताल का. सासू म्हणायची, दुसरी कर. म्हणून म्हणून थकली. शेवटी मीच म्हणले, करा. सखू नावाची होती, नवऱ्यानं टाकलेली, तिच्यासंगं पाट लावला, लुगडं मीच नेसवलं तिला. त्या दिवाळीला निघाले सगळे, घोड्यावर माहीच भांडी, आन घोडं हाकायला ती. मेंढरांचा आवाज यीना झाला तवा मी घरात आले. मंग लेकीबी गेल्या आपापल्या घरी. एका माणसाची भाकरी थापायला बसलं ना बाई, की पीठ कालवायचाबी कंटाळा येतो. आन मेंढरांच्या आवाजाबिगर झोप येत नाय मला, आजूनबी येत नाय.

सखू वाईट नव्हती. परत आली की पाय चेपायची माहे, अक्का अक्का करायची. एका साली भर उन्हाळ्यातच यष्टीनं एकटी आली. चेहरा पांढराफटक. म्हणली, अक्का, मलाबी तसंच व्हायलंय, तळावरच्या बाया म्हंत्यात काढून टाक, उद्या चालले मी पिशवी काढायला.

खरं सांगू का? एक घडी मनात आलं, काढू दे. म्हंजी हीबी बसंल इथं माह्याजवळ, दोघी बसू, दोघी चटणी खाऊ. तिच्याकडं बघत ऱ्हायले मी. हातापायानं धड, अशी ताठ बाई.

मंग म्हणले, ऊठ. ती म्हणली, कुठं? म्हणलं, माह्या पाठीकडं बघ आन ऊठ. फुलंब्रीवरनं यष्टीत उभ्यानं गेलो, खड्ड्याखड्ड्याला पाठीतनं कळ यायची, सखू म्हणायची अक्का उतरू या, मी म्हणायचे नाय. सरकारी दवाखान्यात तिची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. डाक्टरीण म्हणली, गाठ नाय, काई नाय, गोळ्यांनी थांबंल. गोळ्या घेऊन ती तळावर गेली, आन थांबलं बगा, दोन महिन्यांत थांबलं. मिरगाला घरी आली तवा गालाला रंग होता, आन दिवाळीला पुन्हा गेली मेंढरामागं. मीच घोड्याची दोरी तिच्या हातात दिली.

आताबी तिकडंच हायेत, वैजापूरच्या अंगाला. मालक थकलेत, पण जात्यात. सखू सांजच्याला फोन करते, वारा लई असतो, नीट ऐकू यीत नाय. काय खाल्लं इचारते, मी काईबी सांगते. मंग बॅटरी संपते कुणाचीतरी.

माहं काई नाय. काठी धरून दारापर्यंत जाते, गोळी घेते, वेल खाते. तिला मातर चालती ठिव देवा, लई लांब चालती ठिव.

निघा बाई तुमी आता, अंधारायच्या आत फुलंब्रीची गाडी घावंल. आन तरण्या हायेत तवर हाडांना जपा.