बोल्टाला पाजलेलं तेल

“बोल्टाशी मस्ती नको. तेल पाज, अन् वाट पाह्य.” रखमाजीचे वडील असं सांगून गेले होते. शहागडच्या थांब्यावर तो तेच आपल्या मेहुण्याला, पुंजारामला, ऐकवत होता. शेजारच्या बाकावर एसटीची वाट पाहत गावातल्या दुर्गाबाईंचा जप चालला होता.

“मंग पाजलं न्हाई का?”

“पाजलं की! बापाच्या फियाटच्या चाकाला, गंजल्या बोल्टावर, रोज आंघोळ करून, वाटीभर.”

“कोणतं तेल?”

“घरातलं. करडीचं.”

“दाजी! ते वाळून डिंक होतं! रॉकेल सोडायचं!”

“तुमची बहीण बोंबलली, फोडणीला थेंब न्हाई म्हणून. तरी पाजलं.”

“उदबत्ती न्हाई लावली?”

“पहिल्या दिवशी लावली.”

दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला. मणी चुकला, माळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

“मंग?”

“पाना फिरवला. मुंडकं हातात, बोल्ट आत.”

“आता जुना बोल्ट कुठं मिळायला? पोरीची पाठवणी बैलगाडीत करा.”

“बेबीनंदाला जबान देलीय. आज्याच्या गाडीतच जाईल.”

जालन्याची एसटी आली. रखमाजीनं ते मुंडकं रुमालात बांधलं.

“कुठं निघाले?”

“भंगार बाजारात.”

“उद्या हळद हाय, दाजी!”

“तोवर येतो,” तो हळूच म्हणाला, अन् चढला.