रेघ घरावरून गेली

दोन हजार पंचवीस साल, दसरा होऊन गेलाय, ऑक्टोबरचा उकाडा — गेल्या रविवारची गोष्ट आहे ही, मागच्या जन्माची नाही. आणि तू मला सांगतोस, 'काका, छोटासा बग होता'? बस खाली, ऋषी. भाडेकरू आहेस म्हणून गोड बोलेन वाटलं?

कुंदन माझा पोरगा. जहाजावर आहे. तैवानहून निघाला, हवाई बेटाकडं. घरच्यांना जहाज दिसावं म्हणून जहाजाच्या कंपनीनं मोबाइलवर जगाचा नकाशा दिलाय — कोणी बनवला? तूच. लाल रेघ रोज थोडी उजवीकडे सरकायची. रविवारी उजव्या काठाला टेकली आणि — सर्रकन उलटी! ना डोंगर बघितला, ना शहर, थेट आपल्या करंजाड्यावरून, या घरावरून डावीकडे. त्याची आई, आमची पुतळा, ओरडली, "अवं, पोऱ्या मागारी फिरला!"

आमचा नवस कसा असतो, ठाऊक आहे? माणूस उंबऱ्याच्या आत आला, पाणी प्यायला, की मग गावदेवीला कोंबडा. आधी दिला तर देवी म्हणते, माझं मला पोचलं, आता तुमचं तुम्ही बघा. आणि रेघ घरावर आली म्हणजे पोरगा आलाच, असं धरून पुतळानं दिला! संध्याकाळी कुंदनचा मेसेज — अजून समुद्रातच आहे. तेव्हापासून ती जेवत नाही. नाक्यावर धर्मराज विचारतो, "काय गोटीराम, जहाज कळंबोलीच्या सिग्नलला अडकलं काय?"

जहाज जमिनीवरून कसं जाईल — हे तू मला विचारतोस? खाडीकाठी जन्मलोय मी! कळत होतं. सगळं कळत होतं. पण पुतळानं — नाही, पुतळा म्हणत होती, थांबा, फोन करू. कोंबडा मीच धरला. — माझ्याकडे काय बघतोस, लॅपटॉपमध्ये बघ!

पृथ्वी गोल, नकाशा सपाट — ऐकलं. कुठंतरी कापावाच लागतो, म्हणून भर समुद्रात कापला — तेही ऐकलं. मग रेघ तिथंच तोडायची, दुसऱ्या काठावरून पुढं काढायची — एवढंच राहिलं होय रे तुझ्याकडून? किती आया तो नकाशा बघत असतील! दुरुस्त केलंस? दाखव. — पुन्हा दाखव. हं. उजवीकडे तुटली. डावीकडून निघाली. पाण्यावरून. पुतळा, ये इकडं, बघ — पुढंच चाललाय तो. जेव आता.

गावदेवीचा भगत काय म्हणाला, आठवतंय ना? नवस पुन्हा बोला, पण कोंबडा ज्याच्यामुळं चुकलं त्याच्या हातचा. आणलास? काढ पिशवीतून. — तांबडा आहे. बरा आहे. बांध तिथं खांबाला. कुंदन आला की देवीला जाईल.

फिटलं तुझं. जा.