बाराव्या फर्म्यातलं पान

सासूबाई : माणूस कातरलेल्या कागदाची रद्दी स्वतःच्या पिशवीत भरून स्वतःच्या खांद्यावरून घरी नेतो ना, तेव्हा ती रद्दी नसते. सांगून ठेवते.

सून : प्राध्यापक आहेत ते, आई. वाटलं असेल कागद वाया जायला नको.

सासूबाई : आले मोठे! चाळीस वर्षं या बाकावर बसून पुस्तकं शिवतेय मी. कवी आले, वकील आले, तो गुरांचा डॉक्टर आला, गायीच्या पोटाची चित्रं घेऊन. एकानं कधी कापलेलं पान परत मागितलं नाही. आणि यानं सहाशेच्या सहाशे मोजून घेतली. बोटाला थुंकी लावून! मी दारातून बघत होते.

सून : छपाईची चूक होती म्हणाले. म्हणून तर प्रत्येक प्रतीतलं एक पान कापून तिथे नवं चिकटवायचं होतं.

सासूबाई : छपाईची चूक झाली की माणूस छापखान्यात जाऊन भांडतो. हा भांडला? हसत होता. वर मला म्हणतो, "मावशी, तुम्ही आराम करा, एवढं काम सूनबाईंनाच करू द्या." माझ्या कारखान्यात मला आराम! मला कुणी आराम कर म्हटलं की मी आधी घरातली भांडी मोजते.

सून : तुमच्या गुडघ्यांसाठी म्हणाले असतील.

सासूबाई : माझे गुडघे नको काढूस मध्ये. ही प्रत उघड. बारावा फर्मा. हं. आता बघ, सोळा पानांचा हा गठ्ठा, सगळी पानं कशी गुमान झोपतात. आणि हे एकच बघ.

सून : थोडं ताठ आहे.

सासूबाई : थोडं? बिन बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं अवघडून उभं आहे! कागद त्याच्या तंतूंच्या आडवा कापलाय, म्हणून वळत नाही. ज्या छापखान्यानं बाकीचं पुस्तक छापलं, तो असला गाढवपणा करणार नाही. हे पान दुसरीकडे छापलंय, घाईघाईत. माणूस घाई कधी करतो?

सून : सण नाही, लग्न नाही... मला काय माहीत, आई. खळ वाळतेय, मी पुठ्ठे उचलू का?

सासूबाई : पुठ्ठे पळून जात नाहीत. वाच काय लिहिलंय.

सून : चष्मा घरी राहिला.

सासूबाई : डोक्यावर काय आहे मग? मुकुट?

सून : अगंबाई, हो की.

सासूबाई : सकाळपासून तीनदा सुईत दोरा ओवलास आणि तीनदा काढलास. तुझंही काहीतरी शिजतंय. ते नंतर बघते. आधी वाच. माझं शिक्षण शाळा जळाली तिथेच थांबलं, आणि ही अक्षरं म्हणजे मुंग्यांचा बाजार.

सून : "यादवीच्या बाविसाव्या दिवशी दुपारी पुलाचं फाटक उघडलं गेलं आणि पलीकडची फौज शहरात शिरली. गिरणीच्या आळीत एकतीस माणसं मारली गेली. फाटकाची किल्ली कोणाच्या हातून गेली, हे आजवर कळलेलं नाही."

सासूबाई : झालं?

सून : झालं. पुढे पावसाचं आहे काहीतरी.

सासूबाई : कळलेलं नाही म्हणे! पाचशे पानांचा ग्रंथ, आणि जे शेंबड्या पोरालाही विचारावंसं वाटेल ते कळलेलं नाही. दोन किल्ल्या होत्या त्या फाटकाच्या. एक माझ्या भावाकडे, पुलावरच्या चौकीत. दुसरी नगराध्यक्षाकडे. माझा भाऊ चौकीच्या दारात गोळी खाऊन पडला. मग राहिली कुणाची?

सून : आई, त्रेचाळीस वर्षं झाली.

सासूबाई : नगराध्यक्षाचा नातू मास्तरच्या विद्यापीठाच्या मंडळावर बसतो, ठाऊक आहे? आता लाव जुळणी. मास्तरनं आधी छातीठोक नाव छापलं. नातवानं डोळे वटारले. आणि मास्तरला छपाईची चूक आठवली. म्हणून पिशवी, म्हणून मोजणी, म्हणून "मावशी आराम करा". मला जुनं पान पाहिजे.

सून : ती सगळी नेली ना त्यांनी.

सासूबाई : सहाशे नेली. पुस्तकं छापली सहाशे एक. पाठीची जाडी बघायला पहिली प्रत मी स्वतः शिवली होती, पंधरा दिवसांपूर्वी. पहिली प्रत बांधणाऱ्याच्या घरची असते, हे मास्तरला कोण सांगणार? त्या वरच्या फळीवर आहे. काढ.

सून : राहू द्या ना, आई.

सासूबाई : काढ म्हटलं.

सून : मी काल वाचलंय ते. कापताना नजर गेली. तुम्ही नका वाचू.

सासूबाई : मी कुठे वाचतेय? तू वाचणार आहेस. म्हणून दोरा ओवत होतीस होय! बस इथे. उजेडात बस. वाच.

सून : "फाटकाची किल्ली..." आई, माझ्याच्यानं नाही होत.

सासूबाई : माझ्या घरात बारा वर्षं नांदलीस, एवढं झालं ना तुझ्याच्यानं? मग हेही होईल.

सून : "फाटकाची किल्ली पुलाच्या राखणदारानं स्वतःहून फौजेच्या हवाली केली. शहरात आजही त्याला हुतात्मा मानतात. परंतु त्याच दिवशी फौजेच्या छावणीत लिहिलेल्या टिपणात त्याचं नाव स्पष्ट आहे."

सासूबाई : पुन्हा वाच.

सून : आई...

सासूबाई : सगळं नको. तो एक शब्द. कशी दिली म्हणतो?

सून : "स्वतःहून."

(दारावर टकटक. प्राध्यापक आत येतात. खांद्याला तीच पिशवी, आता रिकामी.)

प्राध्यापक : येऊ का, मावशी? बाहेर वाळायला ठेवलेले पुठ्ठे बघितले. काय सुरेख झालेत!

सासूबाई : या मास्तर. त्या स्टुलावर नको, त्याला खळ लागलीय. खुर्चीवर बसा. घाम पुसा आधी.

प्राध्यापक : घाम नाही आलेला मला.

सासूबाई : येईल.

प्राध्यापक : ही प्रत... सूनबाई, ही कुठली? मी तर सगळी पानं...

सासूबाई : मोजून नेलीत. बघितलं मी. नगराध्यक्षाच्या नातवानं काय कबूल केलं तुम्हाला? बढती?

प्राध्यापक : कुणाच्या नातवानं?

सासूबाई : तुमच्या मंडळावरच्या.

प्राध्यापक : मावशी, तो माणूस आठ वर्षं मला दुसऱ्याच नावानं हाक मारतो. मी दुरुस्त करणंही सोडलंय.

सासूबाई : मग कुणाला भिऊन बदललंत?

प्राध्यापक : तुम्हाला.

सासूबाई : मला?

प्राध्यापक : भिऊन नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही आत गेला होतात. मी त्या भिंतीवरचा फोटो बघत उभा होतो. खाली नाव वाचलं. सूनबाईंना विचारलं, हे कोण? त्या म्हणाल्या, आईंचे भाऊ. मावशी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. सहाशे प्रती तुमच्याच हातांनी शिवल्या जाणार होत्या. तुमच्या भावाबद्दलचं ते वाक्य, तुमच्याच सुईनं. मला नाही बघवलं ते. कुणी मला सांगितलं नाही, कुणी दबाव आणला नाही. शपथ.

सून : खरं असेल, आई. मला विचारलं होतं त्यांनी.

सासूबाई : म्हणजे ते पान माझ्यासाठी खोटं केलंत.

प्राध्यापक : खोटं नाही. जरा मोघम केलं.

सासूबाई : मोघम! कोपऱ्यावर ती शिवणवाली बसते ना, जिचं यंत्र दिवसभर खडखडतं, तिचे दोन भाऊ त्या गिरणीच्या आळीत गेले. त्रेचाळीस वर्षं ती मला विचारते, किल्ली कुणी दिली गं? मी ठासून सांगते, माझ्या भावानं नाही. ती मान हलवते. उद्या ती तुमचं पुस्तक वाचायला घेणार आणि तुम्ही तिला सांगणार, कळलेलं नाही. आणि ते माझ्या सोयीसाठी.

प्राध्यापक : मग मी जुनं पान परत घालू? तुम्हाला चालेल?

सासूबाई : जुनंही नाही. तू ती सुई खाली ठेव गं, टोचून घेशील. आणि दोघं नीट ऐका, मी दोनदा सांगणार नाही. दिली त्यानं.

सून : काय?

सासूबाई : किल्ली त्यानंच दिली. फौज गिरणीकडे वळली तशी मी चौकीकडे धावले. एकोणीस वर्षांची होते. दारात पडला होता. उजव्या हाताची चार बोटं मोडलेली. गोळीनं नाही मोडत अशी. एकेक करून मोडली होती, करंगळीपासून. अंगठा तेवढा धड होता. चार बोटं होईपर्यंत धरलं त्यानं, मास्तर. पाचव्याला सोडलं. आणि किल्ली घेऊनही त्यांनी मारलाच.

प्राध्यापक : मावशी...

सासूबाई : आईला दिसू नये म्हणून मी तो हात सदऱ्यात खुपसून ठेवला. तिला दिसला नाही. कुणालाच दिसला नाही. लोक म्हणाले, दिली नाही म्हणून मारलं. मी "हो" म्हटलं नव्हतं. पण "नाही"ही म्हटलं नाही. पुढे तर मीच सांगत सुटले.

सून : एवढी वर्षं एकटीनं...

सासूबाई : रडू नकोस, पानांवर डाग पडतील.

प्राध्यापक : हे कुठेच नोंदलेलं नाही. टिपणात तर "स्वतःहून" असं...

सासूबाई : टिपण लिहिलं कुणी? बोटं मोडणाऱ्याच्या शेजारी बसलेल्यानं. तो काय लिहील, आम्ही चार मोडली, पाचव्याला जमलं? एवढे ग्रंथ पोटात आहेत तुमच्या, एवढं कळलं नाही?

प्राध्यापक : त्या दिवसाचा मला तेवढा एकच कागद मिळाला. दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याला धरून बसलो.

सासूबाई : आता दुसरं आहे. लिहा.

प्राध्यापक : तुमचं नाव घालावं लागेल. बहिणीनं सांगितलं, असं. लोक बोलतील, मावशी. अर्धे म्हणतील बहिणीनंच भावाला उघडं पाडलं. अर्धे म्हणतील बोटांची गोष्ट रचली.

सासूबाई : लोकांना मी चाळीस वर्षं ऐकतेय. दिली, हे लिहा. बोटं मोडली, हेही लिहा. दोन्हींतलं एक जरी गाळलंत तर तुमच्या सहाशे प्रती पुठ्ठ्याविनाच न्याव्या लागतील. आणि कागद या वेळी उभा कापायला सांगा.

सून : आणि फोटो? तो काढायचा का, आई?

सासूबाई : का काढायचा? भाऊ आहे माझा, चौकातला पुतळा नाही. तू दार ओढून घे, मी कोपऱ्यावर जाऊन येते.

सून : शिवणवालीकडे? आत्ता?

सासूबाई : तिला पुस्तकातून कळता कामा नये.

प्राध्यापक : मी येऊ बरोबर?

सासूबाई : तुम्ही बसा, लिहा.

प्राध्यापक : मावशी, रागावलात माझ्यावर? मी खरंच तुमच्यासाठीच केलं होतं.

सासूबाई : ते दिसलं मला. मन चांगलं आहे तुमचं. पहिल्यांदा छापलंत तेव्हा मी कोण, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, तेवढं माफ. पण तो फोटो बघितलात, मी कोण ते कळलं, मी आतल्या खोलीत होते. तेव्हा तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं, मास्तर. तुम्ही छापखान्यात गेलात.