बोट कुठं दाखवायचं

मी म्हसळ्याकडचा, ताई, तिथून आत खाडीकाठी आमचं गाव. अब्बा बहरीनला कामाला होते, दोन वर्षांनी एकदा यायचे, आणि मी त्यांना घाबरून दाराआड लपायचो, कारण ओळखीचं माणूस नाय ना ते. मग एकदा फोन आला, अब्बा गेले, बॉडी गावी पाठवायची का तिकडंच दफन करायचं, तर अम्मा बोलली, तिकडंच करा, माणसाला ताटकळत ठेवू नका. त्यांच्या खोलीवाल्यांनी माती दिली. मी इथं बहरीनलाच कामाला आलो तोवर ते सगळे आपापल्या गावी परतलेले, आणि इथं कबरीवर नाव नाय, नुसता दगड. म्हंजे बापाची कबर कुठली ते मला आजपण ठाऊक नाय.

मी टूरिस्ट बस चालवतो. हिवाळ्यात मोठी जहाजं लागतात, गोरे लोक उतरतात, त्यांना किल्ला दाखवायचा, मोतीवाल्यांची जुनी घरं दाखवायची, वाळवंटातलं ते एकटं झाड दाखवायचं, आणि मग कबरी. काय सांगू तुमाला, आली म्हणून गाव हाय, तिथं घरांच्या मधेच मातीची टेकाडं, घराएवढी उंच, त्या हजारो वर्षांपूर्वीच्या कबरी. कुणाबरोबर कुठलं मडकं पुरलं, कुठल्या कुशीवर निजवला, आमच्या गाईड मरियम मॅडमला सगळं पाठ, ती इथलीच, बहरीनी. ती माइकवर सांगते, मी एसी वाढवतो. मनात येतं, ह्यांचा एवढा पत्ता लागतो आणि माझ्या बापाचा नाय. येतं आणि जातं, बस चालवायची असते.

तर अम्मा. अम्माचा एकच हट्ट, मरायच्या आधी तुझ्या अब्बाची कबर बघायची. मी दर वेळी सांगायचो, इंशाल्ला. गेल्या हिवाळ्यात धाकटा भाऊ फोनवर बोलला, तुझं इंशाल्ला पुरे झालं, व्हिजिट व्हिजा काढ. काढला. मावसभाऊ इथं फॅमिलीवाला, त्याच्याकडं तिला उतरवली. आता आमच्याकडं बाया कबरस्तानात शिरत नाईत, फाटकाबाहेरून दुआ मागतात, म्हंजे आत न्यायची भानगड नाय. पण बाहेरून ती विचारणारच, कुठली रे? आणि मी बोट कुठं दाखवणार? माझा खोलीवाला बोलला, दाखव कुठलीतरी, म्हातारीला काय कळतंय. मला ते जमेना. बायकोला नवऱ्याच्या नावानं भलत्याच माणसाची कबर दाखवायची, ही काय रीत झाली?

कबरस्तानात शुक्रवारी जायचं ठरलेलं, तोवर दिवस ढकलायचा म्हणून मी मरियम मॅडमला विचारून अम्माला बसमधे बसवली. त्या आली गावात उतरलो. अम्मानं ते टेकाड बघितलं, डोक्यावर पदर घेतला, हात वर केले आणि फातिहा पढायला लागली. मी बोल्लो, अम्मा, ही आपली माणसं नाईत, पैगंबरांच्याही कितीतरी आधीची. ती बोलली, मेलेलीच हायत ना? आणि पुढं चालू. तोवर गोऱ्यांनी मोबाईल काढले, त्यांना वाटलं हीपण टूरमधलीच, सरकारनं ठेवलेली. एक म्हातारा तर मॅडमला विचारत होता, हा कार्यक्रम रोज असतो का. हसलो मीपण.

शुक्रवारी नमाजनंतर तिला घेऊन गेलो. फाटकाशी उभी राहिली. आत लांबपर्यंत दगड, सगळे सारखे. तिनं विचारायच्या आधीच मी बोल्लो, अम्मा, कुठली ते मला ठाऊक नाय, कुणालाच ठाऊक नाय. तिनं हात वर केले. दुआ पुरी केली, तोंडावरून हात फिरवला, मग बोलली, इथं गुदैबियातल्या खोलीत तो धा जणांत निजायचा, कुठल्या खाटेवर ते तरी मला कुठं ठाऊक होतं? तरी रोज रात्री मागितलीच ना मी दुआ त्याच्यासाठी. चल, भूक लागली.

आता ती गावी हाय, बरी हाय, अल्ला तुमच्याही आईला बरी ठेवो. मी चालवतो बस, उद्या परत जहाज लागतंय. आमच्या खोलीत आमी चौघं. अम्माला विमानात बसवून आलो त्या दिवशी बायकोला गावी व्हिडीओ कॉल लावला, मोबाईल खोलीभर फिरवला आणि बोल्लो, नीट बघून ठेव, ती खिडकीकडची खाट, ती माझी.