आवाज गेला तो खेळ

...नाही, पण मला एक सांगा, एकदा धपकन पडलेला माणूस पुन्हा बघितला तर तो वेगळा पडतो का? नाही ना? तिथेच पडतो, तसाच पडतो, त्याच बाजूवर पडतो! मग ही माणसं हसतात कशाला? तुम्ही पण हसताय... हसा, हसा, तुम्ही त्यातलेच दिसताय!

मी थिएटरचा मॅनेजर. जुनं, एकाच पडद्याचं थिएटर, खालच्या खुर्च्या मोडल्या की बाल्कनीतल्या काढून खाली लावायच्या, अशा हिशेबाने चाललेलं. तर आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी सकाळी तो सिनेमा लागतो. तो म्हणजे तोच हो, रंगाऱ्याचा! एक रंगारी, एक त्याचा मेहुणा, एक शिडी आणि एक बंगलेवाला. रंगारी शिडी खांद्यावर घेऊन वळला की मेहुण्याच्या कानशिलात, मेहुणा वाकला की बंगलेवाल्याच्या पोटात, संपली गोष्ट! माझ्या वडिलांच्या तरुणपणचा सिनेमा, आणि लोकांना असा पाठ, की पडद्यावरचा माणूस तोंड उघडायच्या आत प्रेक्षकच वाक्य म्हणून मोकळे. अहो, ठाऊक आहे ना पुढे काय होणार? मग हसता कशाला!

घरी काय वेगळं? लग्न ठरलं तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला, ‘रंगाऱ्याचा सिनेमा आवडतो ना?’ मी म्हटलं, ‘म्हणजे काय!’ आता लग्न ठरताना माणूस दुसरं काय म्हणणार? लग्नानंतर पहिला सिनेमा तोच बघितला, ती हसून हसून खुर्चीतून घसरली, मी घड्याळ बघत होतो, आणि ते तिने बघितलं! संपलं. तेव्हापासून मी ‘दगड’. पाहुण्यांसमोरसुद्धा, ‘आमच्या दगडाला चहा कमी साखरेचा हं!’

तर त्या आठवड्यात मालकांनी बोलावून घेतलं. आमचे मालक बोलतात अगदी हळू, ऐकणाऱ्याचं रक्त आटतं. ‘मॅनेजर, एक फर्निचरवाला जागा मागतोय. रविवारी मी स्वतः येतो. खेळ नीट झाला तर बघू. गोंधळ झाला... तर सोमवारपासून तुम्ही सोफे विका.’ मी म्हटलं, ‘मालक, आवाजाचं मशीन शेवटच्या घटका मोजतंय—’ ‘चालवून घ्या.’ चालवून घ्या! अहो, ते काय म्हातारं खेचर आहे, चुचकारलं की चालेल?

रविवार आला. हाउसफुल्ल! कोणी डोक्यावर रंगाऱ्याची टोपी घातलेली, कोणी ब्रश खिशात खोचलेला, एक गृहस्थ तर स्वतःची शिडी घेऊन आले, ती मी बाहेर ठेवायला लावली. मालक बाल्कनीत, बायको तिसऱ्या रांगेत, मी बाहेर दारापाशी. आत दिवे गेले, सुरुवातीचं संगीत सुरू झालं, म्हटलं चला, लागलं मशीन... आणि फोन वाजला. वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीतून ऑपरेटर. आम्ही त्यांना आबा म्हणतो.

‘मॅनेजर, आवाज गेला.’

‘कुठे गेला?’

‘गेला म्हणजे गेला. मशीनमधून धूर निघाला, मी बंद केलं.’

‘आबा, मला इथे स्वच्छ ऐकू येतंय!’

‘मला पण येतंय. तीच तर भानगड आहे.’

मी दार ढकलून आत गेलो, आणि तुम्हाला सांगतो, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, कानांवर तर नाहीच नाही! पडदा मुका. आणि अख्खं थिएटर सिनेमा वाजवतंय! मधल्या रांगा संगीत गातायत, एक पेन्शनर बंगलेवाल्याचा आवाज काढतायत, ‘कोण आहे रे तिकडे?’, असा घुमवून की मीच दचकलो, एक डेंटिस्टबाई दाराची करकर करतायत, कोपऱ्यात एक जण नुसता कुत्रा! मागच्या रांगेत कोणीतरी नवखा भाबडेपणाने म्हणाला, ‘आवाज येत नाहीये का हो?’ तर शेजारचा त्याच्यावर खेकसला, ‘श्श! ऐकू द्या!’

कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! दर वेळी हेच करतात ना! मी भिंतीला टेकलो. माझा जीव भांड्यात पडला. वर बघितलं तर मालक मान डोलावतायत. म्हटलं, निभावलं! सोफे टळले!

...आणि मग मला ती बादली आठवली.

सिनेमात शेवटाकडे ती बादली आहे. शिडी हलते, वरची पिवळ्या रंगाची बादली कलते, आणि भदाक! बंगलेवाल्याच्या डोक्यावर. नखशिखान्त पिवळा! इथे लोक इतके हसतात, इतके हसतात, की त्यानंतर रंगारी एक वाक्य म्हणतो ते आजवर कोणी ऐकलेलंच नाही. कोणीच नाही! वर्षानुवर्षं हसण्यात बुडालेलं वाक्य! आणि त्याच्यानंतर पडद्यावर शांतता, रंगारी बंगलेवाल्याकडे बघतो, बंगलेवाला रंगाऱ्याकडे, बराच वेळ नुसतं बघणं. म्हणजे आज हसू जरा लवकर ओसरलं, की थिएटर गप्प होणार, रंगाऱ्याचे ओठ हलणार, आणि वाक्य म्हणणार कोण? आवाज गेल्याचं कळणार! मालकांना कळणार! माझ्या डोळ्यांसमोर सोफेच सोफे.

बादली कलली. भदाक! तेही सगळ्यांनी मिळून म्हटलं. हसले. पण त्या दिवशी स्वतःच ओरडून ओरडून दमलेले, हसू लवकर ओसरलं हो! रंगाऱ्याने तोंड उघडलं. पेन्शनर गप्प. डेंटिस्टबाई गप्प. कुत्रा गप्प. सगळे एकमेकांकडे बघायला लागले... हा काय म्हणतो इथे? काय म्हणतो?

आता ते वाक्य जगात दोघांनाच ठाऊक, मी आणि आबा. कारण दर खेळाच्या आदल्या दिवशी रिकाम्या थिएटरात आवाज तपासायला आम्ही दोघंच बसतो. आबा वर काचेमागे. उरलो मी. मी भिंतीपासून पुढे आलो आणि जमेल तितक्या नम्रपणे, रंगाऱ्यासारखा, म्हणालो,

‘वाळेपर्यंत कुठे टेकू नका, साहेब.’

आणि मग... अहो, काय सांगू! छप्पर उडालं! लोक खुर्च्या बडवायला लागले, शिडीवाले गृहस्थ जमिनीवर, पेन्शनरांना पाणी द्यावं लागलं. आणि माझ्या पोटातून काहीतरी वर आलं, म्हटलं हे काय, उचकी? उचकी नव्हे. मी हसत होतो! ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, रिकाम्या खुर्च्यांत, कधी ओठ हलला नाही! तेव्हा कळलं, हे एकट्याने हसायचं कामच नाही. बायको तिसऱ्या रांगेतून वळून बघत होती. डोळे पुसत म्हणाली, ‘अगंबाई, दगड हसला!’ आणि मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की विचारू नका.

मालक खाली आले. ‘वा! आवाज काय लावलाय आज! मशीन नवीन घेतलं?’ मला खोटं बोलता येईना, सगळं सांगून टाकलं. मालक म्हणाले, अगदी हळू, ‘फर्निचरवाल्याला नाही म्हणून कळवा.’ मी हात जोडले. ‘आणि मॅनेजर... मग मशीन दुरुस्त कशाला करायचं? ते एक वाक्य तुम्ही म्हणत जा.’

झालं! तेव्हापासून दर खेळाला मी तिथे उभा. तेच वाक्य, तेच छप्पर, आणि ठाऊक असतं ना पुढे काय होणार, तरी मी हसतोच! पण सुख बघवतं का लोकांना? परवा पेन्शनरांनी खांद्यावर हात ठेवला. ‘राग मानू नका मॅनेजर, पण तुमच्या म्हणण्याला मूळ नटाची सर नाही.’

म्हटलं, ‘काका, मूळ नट ते कसं म्हणतो, ते तुम्ही आयुष्यात एकदा तरी ऐकलंय का?’

‘नाही,’ म्हणाले, ‘पण सर नाही!’