हिंदुरावांची न उडणारी बंदूक

मंडळी, आपण सगळेच म्हणतो — ‘माझ्या हातून चूक झाली.’ हातून! मग तो हात कुणाचा होता हो? शेजाऱ्याचा? आणि हात चुकत होता, तेव्हा आपण कुठं गेलो होतो? आज एवढंच बघायचं. ऐका.

कोयनेच्या खोऱ्यात हिंदुराव सुर्वे म्हणून एक जमीनदार होते. घरात बंदुका किती? अठरा! सकाळची पूजा अर्धी, पण बंदुका पुसणं पुरं! हसू नका, आपलंही तेच आहे — फक्त वस्तू वेगळी.

रावांच्या शिकारीत हाका घालायला, म्हणजे आरडाओरडा करून जनावर उठवायला, भिवा झोरे असायचा. गवळी धनगर, वीस वर्षांचा सोबती. एका सकाळी दाट धुकं होतं, रावांबरोबर आणखी चार बंदूकवाले होते. करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं, रावांची बंदूक उडाली — आणि जाळीतून भिवाचा आवाज आला. जीव वाचला. उजवा हात मात्र कोपरापासून कायमचा लुळा पडला.

राव सगळ्यांना सांगू लागले, की बंदुकीचा चाप हलका होता, आपोआप उडाली. लोकांनी मान डोलावली. भिवानंही डोलावली. रावांनी त्याच्या घरी धान्य पाठवलं, वैद्य पाठवला, सगळं पाठवलं — स्वतः तेवढे गेले नाहीत!

मग ते गेले दाऊदभाई शिकलगारांकडे. हत्यारं घडवणारा म्हातारा माणूस, बोलणं मोजकं. राव म्हणाले, “दाऊदभाई, अशी बंदूक करून द्या, जी चुकून कुणाला लागणार नाही.”

म्हाताऱ्यानं हातातली कानस खाली ठेवली. मग म्हणाला, “देतो.”

चार महिन्यांनी बंदूक आली. काय सांगू! शिसवी दस्ता, नळीवर चांदीच्या वेली, खांद्याला लावली तर खांद्यातूनच उगवल्यासारखी. रावांनी उलटसुलट करून पाहिली आणि थबकले. आतल्या दारूपर्यंत ठिणगी पोचते ते बारीक भोक असतं ना — ते नव्हतंच! नळी आंधळी. कधीच न उडणारी बंदूक!

राव संतापले. दाऊदभाई शांतपणे एवढंच म्हणाले, “सरकार, तुम्ही मागितली ती हीच. दुसरी कुठली तसली होत नाही.”

राव ती फेकून देणार होते. पण हातातून सुटेना. दुसऱ्या दिवशी उजाडताना तीच खांद्यावर टाकून ते रानातल्या पाणवठ्यावर गेले.

धुकं पाण्यावर दुधासारखं पसरलं होतं. झाडांना बुंधे नव्हते, नुसते शेंडे तरंगत होते. — अहो, खांबाजवळचे काका, जागे आहात ना? वर्णनच असं आहे, डुलकी लागायची! — त्या धुक्यातून एक गवा आला. गाय होती, मागं तांबूस वासरू. रावांनी नेम धरला, सवयीनं चाप ओढला. टक्, एवढाच आवाज. गायीनं कान हलवला आणि पाणी पिऊ लागली.

आयुष्यभर रावांचं बघणं बारापाशी संपायचं. आज बार झालाच नाही, बघणं चालूच राहिलं. तिच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ. ओठावरून ओघळणारा थेंब. वासराच्या पाठीवरचं दव. वेळ थांबला का वाहत होता, कळेना. आणि बघता बघता ते धुकं त्या जुन्या सकाळचं धुकं झालं. समोर करवंदीची जाळी आली. जाळीत पांढरं काहीतरी. मुंडासं! भिवाचं मुंडासं!

रावांना तेव्हाही ते दिसलं होतं, मंडळी. दिसलं होतं! बोट मात्र थांबवलं नव्हतं — दुसऱ्या कुणाचा बार आधी जाईल म्हणून.

गाय-वासरू केव्हा निघून गेलं, कळलं नाही. राव उठले ते थेट भिवाच्या झोपडीशी. भिवा अंगणात डाव्या हातानं दावं वळत होता. राव त्याच्यासमोर मातीत बसले.

“भिवा, बंदूक आपोआप उडाली नव्हती. तुझं मुंडासं मला दिसलं होतं. मी थांबलो नाही.”

भिवानं दावं खाली ठेवलं. “ठावं हाय मला. जाळीतनं मी तुमच्याकडंच बघत हुतो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी कवा बोलताय, त्याची वाट बघत हुतो.”

रावांनी विचारलं, माफ करशील का. भिवानं दावं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाला, “ते आज न्हाई सांगता यायचं. बसा. ताक घ्या.”

आणि राव बसले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही. धान्य आता गडी आणत नव्हता, राव स्वतःच्या पाठीवर आणत होते. पावसाळा गेला, थंडी पडली. एका सकाळी भिवाच उठला आणि म्हणाला, “चला, पाण्यावर जाऊ.” त्यानं लुळा हात रावांच्या खांद्यावर टाकला, आणि दोघं धुक्यात चालू लागले.

आता सांगा, तुमचा भिवा कुठं बसलाय? सख्खा भाऊ आहे? सून आहे? का इथंच, दोन रांगा मागं? धान्य पाठवू नका, निरोप पाठवू नका. ‘हातून झालं’ म्हणू नका. ‘मी केलं’ म्हणा! तो माफ करेल का? मला ठाऊक नाही. पण ताक तरी देईल!

मृदंग हळू घ्या, बुवा. ज्याला आपल्या भिवाकडं जायचंय, त्यानं नाव घेत घेत उठावं. विठ्ठल... विठ्ठल...